पन्नासाला एक

साठच्या साठ लिव्हर परत आल्या.

बाबांनी सायकलच्या कॅरिअरवरून पोतं उतरवलं आणि शेडच्या दारात टाकलं. आतलं लोखंड असं खणखणलं की समोरच्या कौशल्याबाई खिडकीत आल्या. मी चहा गाळत होते. गाळणी तशीच टाकून धावले, पोत्याचं तोंड सोडलं आणि वरची लिव्हर काढली. तिच्यावर पिवळ्या खडूची फुली. दुसरीवर फुली. तिसरीवरही.

"सगळ्याच?"

"सगळ्याच," बाबा म्हणाले. "भोकं लहान आहेत म्हणाले आबाजी. गेज एक मिलिमीटर वरच राहतंय."

"शक्यच नाही!"

"शक्य नाही म्हणे. पोतं काय आपल्या पायानं चालत आलं का?" आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

ती भोकं मी पाडली होती. साठही. हे आधीच सांगून टाकते, कारण काम देणाऱ्या कंपनीत ते कुणालाच माहीत नव्हतं. तिथं सगळ्यांना वाटायचं, ज्योतीराम ओव्हाळ टर्नर, त्याचंच काम.

बाबा पिंपरीला एका कंपनीत टर्नर. कासारवाडीत आमच्या दोन खोल्यांच्या मागं पत्र्याची शेड आहे. तिथं भंगारातून आणून बाबांनी जिवंत केलेली लेथ आहे, एक ड्रिलिंग मशीन आहे आणि काम घट्ट आवळून धरणारा माझा व्हाइस आहे. माझा म्हणते, कारण गेल्या मे महिन्यापासून त्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला नाही. भोसरीच्या एका पंपाच्या कंपनीकडून आम्हाला काम येतं. तळहाताएवढी पोलादी लिव्हर, आणि तिच्या जाड टोकाला एक निमुळतं भोक.

निमुळतं भोक म्हणजे गाजरासारखं, वर रुंद आणि खाली बारीक. पण ते गाजर डोळ्याला दिसत नाही. पन्नास मिलिमीटर खाली गेलं की फक्त एक मिलिमीटरनं बारीक होतं. शेडमध्ये त्याला 'पन्नासाला एक' म्हणतात. त्यात तसाच निमुळता दांडा ठोकून बसवला की लिव्हर आणि दांडा एक होतात, हलत नाहीत. भोक जरा मोठं झालं की दांडा आत बुडतो आणि लिव्हर कायमची खुळखुळते. मग ती भंगारात.

आधी एकाहून एक जाड असे तीन ड्रिल पायऱ्यापायऱ्यांनी घालायचे. मग रीमर. रीमर म्हणजे अंगभर धारा असलेली निमुळती सळई. लिव्हर व्हाइसमध्ये आवळायची, रीमर हातानं फिरवायचा, तेल सोडायचं, दोन वेढे झाले की बाहेर काढून चुरा ब्रशनं झाडायचा. आणि उलटा फिरवायचा नाही. उलटा फिरवला की चुरा धारेखाली अडकतो आणि धार मोडते.

बाबा लेथवर राजा आहेत, पण रीमरवर त्यांचा हात जड पडतो. मे महिन्यात त्यांनी सहा लिव्हर बिघडवल्या. सातवी मी मागितली. "तुला काय जमणार?" म्हणत दिली आणि जमली. आठवी जमली, नववी जमली. त्या दिवशी मला कळलं की माझ्या हातांना एक गोष्ट येते, जी आमच्या आळीत कुणालाच येत नाही. मी आठवडाभर नुसती चालतच नव्हते, उडत होते.

आईनं तेव्हाच अट घातली होती. "दहावीचं वर्ष आहे. एक पोतं जरी परत आलं, तर ही पोरगी शेडमध्ये पाय ठेवणार नाही. बोला, कबूल?" बाबा कबूल म्हणाले. मीही म्हणाले, कारण माझं पोतं परत येईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

आणि हे पोतं आता दारात पडलं होतं.

"आबाजी अजून काय म्हणाले?" मी विचारलं. आबाजी म्हणजे त्या पंपाच्या कंपनीतले माल तपासणारे. भोसरी गावातलेच, जुने. त्यांनी खडू उचलला की भलेभले गप्प होतात.

"रीमर अजून एक मिली खाली घाला म्हणाले, आणि गुरुवारपर्यंत आणून द्या." बाबा थांबले. मग जरा हसले. "आणि म्हणाले, ज्योतीराम, खंडेनवमीला हत्यारांना हळदकुंकू लावत जा. तुमच्यात करत न्हाईत, ठावं हाय मला. पर लोखंडाला राग येतो."

"लोखंडाला येतो," आई भाकरी थापता थापता म्हणाली, "आन माणसाला नाही येत?"

दसऱ्याला आम्ही पांढरे कपडे घालून देहूरोडच्या विहारात गेलो होतो. शेडला कुलूप होतं. लोखंड रागावलंच असेल तर कुलपावर रागावलं असेल.

मी आमचं गेज आणलं. हे गेज कंपनीचंच, जोडीतलं एक आमच्याकडं आणि एक आबाजींकडं. ते म्हणजे एक गुळगुळीत निमुळता खुंट. त्याच्यावर एक मिलिमीटर अंतरानं दोन बारीक रेघा आहेत. गेज भोकात सोडलं की भोकाची कड त्या दोन रेघांच्या मध्ये यायला हवी. मी पहिली लिव्हर घेतली. कड बरोबर मध्ये. दुसरी, तिसरी, दहावी, पंधरावी, सगळ्या मध्ये.

"बाबा, बघा की! बरोबर आहेत!"

"आपलं गेज झिजलं असेल. झिजलेलं गेज जास्त आत जातं."

"एका महिन्यात? पोलाद आहे, साबण आहे का?"

"कस्तुरे, कंपनीचं गेज ते कंपनीचं."

"हेही कंपनीचंच आहे!"

"पण त्यांच्या हातातलं आहे ना ते." बाबांनी रीमर उचलला. "आता रात्रपाळीला जायचंय. उद्या सकाळी मीच सगळी एकेक मिली खाली घेतो."

"भोक मोठं करता येतं, लहान करता येत नाही! कुणी शिकवलं मला हे?"

"वाद घालू नकोस. वीस वर्षं काम करतोय मी. तपासणाऱ्यापुढं बोलून कुणाचा माल पास झालाय?"

ते गेले. मी शेडमध्ये बसून राहिले. माझी साठ बरोबर भोकं उद्या बाबांच्या जड हातानं बिघडणार होती, तीही चुकीच्या गेजवर भरवसा ठेवून. आणि वर आळीतले लोक म्हणणार होते, पोरीनं केलं म्हणून बिघडलं. मला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. डोक्यात नुसता जाळ झाला.

सकाळी बाबा झोपलेले असताना मी रीमर रॉकेल-तेलाच्या फडक्यात गुंडाळला आणि दप्तरात टाकला. आमच्याकडं तो एकच आहे. सोबत एक फुली मारलेली लिव्हरही टाकली आणि शाळेत गेले.

आता म्हणा काय म्हणायचं ते.

पहिल्या तासाला बाई म्हणाल्या, "रॉकेलचा वास कुठून येतोय?" दुसऱ्या तासाला भूमिती होती, तेव्हा मी वहीत त्रिकोणाऐवजी गेज काढलं. पन्नासाला एक, म्हणजे गेज एक मिलिमीटर वर राहायला जाडीत फरक फक्त एक मिलिमीटरचा पन्नासावा हिस्सा पुरे. डोक्याच्या केसाचे तीन-चार उभे काप केले, तर एका कापाएवढा! एवढंसं काहीतरी कुठंतरी अडत होतं. पण काय?

मधल्या सुट्टीत मी लिव्हर काढून उन्हात धरली. भोकाच्या आत, एका बाजूला लालसर काहीतरी होतं. गंज? चार दिवसांत, तेल लावलेल्या पोलादाला?

"काय बघतेस गं त्यात? तुझा नवरा दिसतोय का?" इंदू शेजारी येऊन बसली. इंदू माझी मैत्रीण. तिचे वडील आळंदीकडचे, घरात रोज पूजा, आणि तिच्या कपाळावर रोज ठसठशीत कुंकू.

"गंज दिसतोय," मी म्हणाले.

तिनं भोकात करंगळी घातली, बाहेर काढली, बोटाकडं पाहिलं, वास घेतला. मग ते बोट सरळ आपल्या कपाळावर, कुंकवाच्या शेजारी टेकवलं.

"बघ. रंग जुळला की नाही? कुंकू आहे हे, बावळट!"

मी तिच्या कपाळाकडं बघत राहिले. दोन ठिपके, एक मोठा आणि एक पुसट. एकच रंग.

आमच्या शेडमध्ये कुंकू नाही. कधीच नव्हतं. मग माझ्या भोकात ते गेलं कुठून? या लिव्हरमध्ये आमच्या घरातून निघाल्यावर एकच गोष्ट गेली होती. आबाजींचं गेज.

मी इंदूला अशी मिठी मारली की तिची वेणी सुटली.

घरी पोचले तेव्हा बाबा दारात उभे होते. "रीमर कुठाय?"

"दप्तरात."

"दप्तरात?" आई आतून हसायलाच लागली. "अभ्यास करून आला का तो?"

बाबांनी हात उगारला नाही, ते कधीच उगारत नाहीत. पण त्यांचा आवाज खाली गेला, आणि तो खाली गेला की जास्त भीती वाटते. मी एका दमात सगळं सांगितलं. केसाचा काप, लाल ठिपका, इंदूचं कपाळ. त्यांनी लिव्हर घेतली, भोकात करंगळी घातली आणि लालसर झालेलं बोट उजेडाकडं धरलं.

"आबाजी गेली तीस वर्षं पूजा करतात," ते म्हणाले. "त्यांना कसं सांगणार, तुमचं कुंकू आडवं आलं म्हणून? आपण सांगणार? आपण?"

त्या दुसऱ्या 'आपण'चा अर्थ मला कळला. घरातल्या तिघांनाही कळला.

"मग काय खरं भोक खोटं करायचं?" मी म्हणाले.

आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "जावा की. तिलाबी न्या. पोतं कुणाचं हाय ते तरी कळंल."

गुरुवारी सकाळी आम्ही निघालो. मी शाळेच्या कपड्यांत, दोन वेण्या, खांद्याला दप्तर. पोतं कॅरिअरवर, बाबा सायकल ढकलत पुढं, आणि मी मागून पोत्याला हात लावून. रेल्वेचं फाटक, नाशिक फाटा, मग भोसरीचा रस्ता. "तू बोलायचं नाहीस," बाबा वाटेत तीनदा म्हणाले. मी तीनदा मान हलवली.

गेटवर वॉचमननं अडवलं. "पोरीला आत न्यायला ही काय जत्रा आहे का?"

"पोतं मी धरलंय," मी म्हणाले. "मी सोडलं तर पडेल. उचलणार का तुम्ही?"

त्यानं पोत्याकडं बघितलं आणि बाजूला झाला.

आबाजी खिडकीजवळच्या लांब टेबलाशी बसले होते. पांढरी टोपी, नाकावर चष्मा. त्यांच्यासमोर लाकडी पेटीत गेजं ओळीनं झोपवलेली. पेटीच्या झाकणाला वाळलेलं झेंडूचं फूल अजून तसंच अडकवलेलं होतं.

"या ज्योतीराम. घातला का रीमर?"

"आबाजी, ते... परत एकदा बघता का, म्हटलं. आमच्या गेजला बरोबर दाखवतंय."

"म्हंजी घातला न्हाई." आबाजींनी चष्मा वर केला. "आन ही कोन? शाळा न्हाई व्हय आज?"

"माझी मुलगी."

"आबा," मी म्हणाले. बाबांनी माझ्याकडं पाहिलं. मी त्यांच्याकडं पाहिलं नाही. "दसऱ्याच्या आधी तुम्ही पास केलेली एखादी लिव्हर आहे का तुमच्याकडं?"

"हाय की. नमुना हाय." त्यांनी भिंतीकडं बोट केलं. खिळ्याला एक लिव्हर टांगलेली होती, तिला पत्र्याचा बिल्ला आणि त्यावर आबाजींचा शिक्का. "कशाला?"

"तिच्यात गेज घालून बघा ना."

"अगं ए, ती माझ्या हातची पास हाय."

"म्हणूनच म्हणते."

शेजारच्या टेबलावरचे दोघं हसले. "आबाजी, परीक्षा घ्यायला आली पोरगी! नापास झालात तर?"

आबाजींना तो टोमणा लागला. उठले, नमुना काढला, पेटीतलं गेज घेतलं आणि भोकात सोडलं.

गेज वरच राहिलं. दोन्ही रेघा बाहेर.

त्यांनी काढलं, परत घातलं. अंगठ्यानं दाबलं. दोन्ही रेघा बाहेरच. त्यांनी नमुन्याचा बिल्ला उलटून पाहिला. शिक्का त्यांचाच होता.

"महिन्यात भोक आकसलं व्हय?" ते स्वतःशीच म्हणाले.

"भोक तेच आहे, आबा. गेज जाड झालंय. दसऱ्याला त्याला कुंकू लावलं होतं ना?"

बाबा हळूच म्हणाले, "कस्तुरे..."

"लावलं की," आबाजींचा आवाज चढला. "एकूणएक हत्याराला लावलं. औंदा तर तेलात कालवून हळद लावली, कुंकू लावलं. त्यांच्या जिवावर पोट चालतं माझं. आन तू मला सांगतीस, देवाच्या कुंकवानं माल बिघडला?"

"माल बिघडलाच नाही. साठही बरोबर आहेत. तुम्ही नंतर गेज कशानं पुसलंत?"

"कशानं म्हंजी? फडक्यानं."

"रॉकेल लावून?"

"पुजलेल्या हत्याराला रॉकेल..." आबाजी बोलता बोलता थांबले.

मी टेबलावरची रॉकेलची वाटी त्यांच्याकडं सरकवली. गेजला हात लावला नाही. ते त्यांचं होतं. त्यांनी फडकं बुडवलं, पिळलं आणि गेज हळूहळू पुसलं, लेकराचं तोंड पुसावं तसं. फडक्यावर गुलाबी पट्टा उमटला. त्यांनी अजून एकदा पुसलं. पट्टा फिका झाला. तिसऱ्यांदा काहीच आलं नाही.

मग नमुन्यात गेज सोडलं. टक्. कड दोन रेघांच्या मध्ये.

आबाजी त्या 'टक्'वर सुखावतील असं मला वाटलं होतं. पण त्यांचा चेहरा पांढरा पडला. "किसनची चाळीस," ते म्हणाले. "मोशीच्या किसनलाबी मी परवा रीमर खाली घालायला लावला. आन पास केल्या." ते तसेच चष्मा कपाळावर ठेवून आतल्या दालनाकडं पळाले. "ए विलास! थांबव! त्या लिव्हर बसवू नको!" त्यांना पळताना कुणी कधी पाहिलं नसावं. सगळा कारखाना वळून बघत होता.

बाबा माझ्या कानाशी म्हणाले, "आपलीही अशीच गेली असती."

मी पोत्याचं तोंड सोडायला लागले.

आबाजी परत आले, बसले, पाणी प्याले आणि म्हणाले, "वता पोतं."

एकेक लिव्हर त्यांनी तपासली. घाई नाही, मेहेरबानी नाही. पास झालेल्या डावीकडं. डावीकडचा ढीग वाढत गेला आणि माझी मान उंच होत गेली. अठ्ठेचाळिसाव्या लिव्हरला गेज थांबलं. खालची रेघ कडेच्या केसभर वर.

"ही खरीच ल्हान हाय," आबाजी म्हणाले.

मी वाकून पाहिलं. खरंच होती. माझीच चूक. साठपैकी मी पंधराच घरी परत तपासल्या होत्या, आणि ही त्यात नव्हती.

"हो," मी म्हणाले. "आहे लहान."

उरलेल्या बारा पास झाल्या. आबाजींनी ती एक बाबांकडं सरकवली. "तिकडं व्हाइस हाय, ज्योतीराम. रीमर आणलाय का?"

मी दप्तर उघडलं, बीजगणिताच्या पुस्तकामागून फडकं काढलं आणि रीमर बाबांच्या हातात दिला. बाबांनी तो घेतला. व्हाइसकडं दोन पावलं गेले. मग वळले.

"आबाजी," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज खाली गेलेला नव्हता. "हे माझं काम नाही. साठही हिनंच केल्यात. मे महिन्यापासूनचा सगळा माल हिचाच आहे." आणि रीमर माझ्यापुढं धरला.

"आँ?" शेजारच्या टेबलावरचा एकजण उठलाच. "भाऊ, ही पोरगी? वेणीत अडकंल की रीमर!"

मी दोन्ही वेण्या मागं टाकून गाठ मारली. लिव्हर आवळली, तेल सोडलं. पाचसहा जण भोवती जमले होते. रीमरची धार लोखंडाला लागली आणि बोटांना ती ओळखीची खरखरीत ओढ जाणवली. मग मला फक्त भोक दिसायला लागलं. अर्धा वेढा. काढला, झाडला. गेज घातलं. अजून थोडं. पाव वेढा. काढला, झाडला.

टक्.

आबाजींनी स्वतः वाकून पाहिलं. मग भोकात करंगळी फिरवली आणि नखानं आतली भिंत चाचपली. "गुळगुळीत हाय," ते म्हणाले. एवढंच.

त्यांनी पावती ओढली. तिच्यावर 'काम करणार' अशी एक ओळ असते. तिथं नेहमी बाबांचं नाव असायचं. त्यांनी पेन उघडलं, माझ्याकडं पाहिलं आणि पेनच माझ्यापुढं केलं.

"तूच लिव्ह. माजं अक्षर वंगाळ हाय."

मी लिहिलं. कस्तुरा ज्योतीराम ओव्हाळ. ओळ लहान पडली, म्हणून 'ओव्हाळ' जरा खाली उतरलं. उतरू दे.

निघताना आबाजी पेटी बंद करत होते. झाकणाचं फूल त्यांनी काढलं नाही. "फुडच्या दसऱ्यालाबी मी पूजा करनारच, बरं का," ते म्हणाले.

"करा की, आबा," मी म्हणाले. "दुसऱ्या दिवशी सकाळी मी रॉकेल घेऊन येते."

ते हसले की खोकले, कळलं नाही.

घरी आल्यावर मी पावती व्हाइसच्या वर खिळ्याला टोचली. आई हात पुसत शेडमध्ये आली. तिथं ती कधीच येत नाही. अक्षरावर बोट ठेवत ठेवत तिनं माझं नाव वाचलं, खाली उतरलेल्या 'ओव्हाळ'सकट.

"पोतं परत आलं होतं, एवढं ध्यानात ठेव," ती म्हणाली.

"आलं होतं. पण..."

"पण काय? जा, चहा ठेव. त्या दिवशीचा अर्धाच गाळलास." आणि जाता जाता तिनं व्हाइसवर पडलेला चुरा पदरानं झाडला.